तंबूतला अबोला

१४ नोव्हेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर्षापूर्वी जेवणाच्या टेबलावर मास्तरने जाहीर केलं की तो दक्षिण ध्रुवावर चालत जाणार. मास्तर म्हणजे हिचा धाकटा भाऊ. शाळेत भूगोल शिकवतो, लग्न केलेलं नाही, रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. माझ्या मुलीने तर टाळ्या वाजवल्या. मला ते बघवेना. मी हिला म्हटलं, "तुझ्या भावाला सांग, त्यात काय एवढं? मीसुद्धा जाईन." तो भाताकडे बघत म्हणाला, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, अवश्य यावं." झालं! त्यानंतर माघार घ्यायची म्हणजे जन्मभर दर रविवारी मान खाली घालून जेवायचं.

आमचा अबोला आहे. पाच वर्षं होतील आता. सासऱ्यांचं मोठं कपाट जिन्यावरून उतरवत होतो, वरच्या बाजूला मी, खालच्या बाजूला तो. कपाट निसटलं, आरसा फुटला, त्याचं बोट चेचलं. तो म्हणाला तुम्ही सोडलंत, मी म्हटलं तू सोडलंस. आधी जो बोलेल त्याने कपाट सोडलं असं सिद्ध होणार, म्हणून दोघंही बोलत नाही. हिचं काही अडत नाही. ती मधल्या खुर्चीवर बसते आणि इकडचं तिकडे पोचवते.

आज सामान भरताना ही म्हणाली, "अहो, मला एकच भाऊ आहे. जसा नेताय तसा परत आणा."

"मी कुठे नेतोय? तो त्याच्या पायांनी येतोय."

"तेच म्हणते. तिकडे मी नसणार मधे."

मोजे तिने दोघांचे सारखेच घेतलेत, लोकरीचे, जाड. माझं वय एक्कावन्न. आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. मी कुणाला सांगत नाही, पण मला भीती वाटतेय.

१९ नोव्हेंबर

तळावर पोचलो. आमच्या तुकडीची म्होरकी तिशीतली बाई आहे, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, पण आवाज असा की सैन्याने रांगेत उभं राहावं. तिच्याशिवाय आम्ही चौघं. मी, मास्तर आणि एक दंतवैद्य जोडपं. हे नवराबायको अखंड भांडतात. टोपी नीट घाल, तुझं नाक गळतंय, चष्मा पूस. कसे एकमेकांचे दात काढत नाहीत कोण जाणे.

एका तंबूत दोघं. म्होरकीने कागद बघितला आणि आनंदाने म्हणाली, "तुम्ही दोघं नातेवाईक ना? मग एकत्र. घरचं माणूस जवळ असलेलं बरं." मास्तर माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पन्नाशीच्या माणसाने कपाटाची गोष्ट सांगायची?

मग तिने नियम सांगितला. थंडीने कातडी मरते तेव्हा दुखत नाही, उलट दुखायचं थांबतं. म्हणून ज्याचं त्याला कळत नाही, दुसऱ्याला दिसतं. दर थांब्याला सोबत्याचा चेहरा बघायचा, आणि संध्याकाळी तंबूत सोबत्याचे पाय, बोटं वेगळी करून. रोज तिला सांगायचं. "स्वतःचे नाही," ती बोट नाचवत म्हणाली, "सोबत्याचे. स्वतःच्या पायांबद्दल सगळेच खोटं बोलतात."

२४ नोव्हेंबर

विमानाने आम्हाला पठारावर सोडलं आणि ते गेलं. चहूकडे पांढरं. पायात स्की, कमरेला पट्टा, मागे सामानाची स्लेज. ओढायला लागलं की पट्टा पोटात रुततो. हवा विरळ, चार पावलांत छाती भात्यासारखी चालते. डोकं दुखतंय.

तंबू मात्र आम्ही सगळ्यांत आधी उभा केला. एक शब्द न बोलता. त्याने खांब धरला, मी कापड ओढलं. त्याने बर्फ कापून आणला, मी स्टोव्ह पेटवून तो वितळवला. शेजारी दंतवैद्य अजून दोरीवरून भांडत होते. म्होरकी म्हणाली, "तुम्ही दोघं किती शांत आहात! अशी माणसं मला आवडतात."

मग तिने दारातून डोकं आत घातलं. "पाय पाहिले?"

मास्तर मोजे काढून बसला होता, पाय माझ्याकडे करून. पण बघायचं म्हणजे बोलावं लागतं. इकडे कर, बोट उचल, लागतं का इथे. मी म्हटलं, "पाहिले. ठीक आहेत."

मास्तरने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मोजे चढवले.

२६ नोव्हेंबर

आज कळलं की मास्तरही सांगतो. सकाळी म्होरकी म्हणाली, "तुमचे पाय ठीक आहेत म्हणाला तो." बघितलेस कधी रे? मी तर स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो की मेलोच. हिच्या भाषेत, उशाशी ढोल वाजवले तरी कूस बदलायची नाही. मुलांना खरं बोलायला शिकवतो आणि इथे खुशाल थापा मारतो. असो. दोघं एकाच माळेचे मणी.

२९ नोव्हेंबर

डाव्या टाचेला फोड आला होता, परवा पट्टी लावली. अजून नव्यासारखी आहे, कडासुद्धा सुटलेल्या नाहीत. चांगल्या मालाची असणार. माझे मोजेही रोज सकाळी कोरडे मिळतात. बाकी सगळे ओल्या मोज्यांच्या नावाने रडतात. मास्तरचे बूट तर आज आतून गोठून कडक झाले होते, घालताना त्याला घाम फुटला. पोरांना पृथ्वीवरच्या थंडीचे पट्टे शिकवतो, पण मोजे वाळवायची अक्कल नाही.

एक तक्रार आहे. रोज सकाळी माझ्या स्लीपिंग बॅगची चेन पायाकडून थोडी उघडी असते. तो झोपेत लाथा झाडतो की काय?

१ डिसेंबर

समोरून वारा. बर्फ वाऱ्याने कोरून काढलेलं, गुडघ्याएवढे टणक उंचवटे. स्लेज उलटते, सरळ करायची, पुन्हा उलटते. मी एकदा रडलो. चष्म्याच्या आत होतं, कुणाला दिसलं नाही.

थांब्यावर मास्तर दंतवैद्यीणबाईंच्या कानाशी काही बोलला. त्या तडक माझ्याकडे आल्या आणि ओरडल्या, "नाक! अहो, नाक पांढरं पडलंय तुमचं!" आणि स्वतःचा हातमोजा माझ्या तोंडावर दाबून उभ्या राहिल्या. बाईंची नजर तेज आहे. नाक वाचलं. मास्तर तेव्हा पाठ करून पाणी पीत होता. नवराबायको भांडोत, पण माणुसकी आहे.

४ डिसेंबर

मास्तर मागे पडायला लागला! इतके दिवस मीच शेवटी असायचो. आज मागे वळून पाहिलं तर तो ठिपक्याएवढा. सगळ्यांना त्याच्यासाठी उभं राहावं लागलं, आणि उभं राहिलं की थंडी हाडात शिरते. मला बरं वाटलं. लिहितोय कारण इथे खोटं लिहून कुणाला फसवायचंय?

चालतोही विचित्र. पाय टेकवत नाही, आपटतो. राग माझ्यावर आणि काढतो बर्फावर.

६ डिसेंबर

आता तो तंबूत बुटांच्या आतले दाबलेल्या लोकरीचे मऊ बूटसुद्धा काढत नाही. तसाच झोपतो. आळस, दुसरं काय. म्होरकीने विचारलं, पाय पाहिले? मी नेहमीचं उत्तर दिलं. मास्तरने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. म्होरकी पुढच्या तंबूकडे गेली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. एक जण लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे त्या खोल विहिरीत, उतरला की वरच्याने बटणाला हात लावण्याआधी हाक मारायची. खालून "ओ" आल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. भांडण असो, काही असो. एकदा माझा हाताखालचा माणूस रुसून "ओ" देईना, तर मी शिव्या घालत स्वतः खाली उतरून त्याचं तोंड बघून आलो होतो. आज ओढताना ते उगाच आठवत राहिलं. हाक मारावी का? काय म्हणून मारू? "मास्तर" म्हटलं की संपलं, कपाट मी सोडलं.

उद्या बघू.

८ डिसेंबर

त्याने जेवण अर्धं टाकलं. बिस्किटं माझ्या बाजूला सरकवली. मला नको तुझी दया, म्हणून मी ती परत सरकवली. मग ती मधेच पडून राहिली.

तंबूत घाण वास येतोय. गोडसर, कुजकट. माझे मोजे हुंगून पाहिले, त्यांचा नाही. दंतवैद्यीणबाई काही मागायला आल्या आणि दारातच नाक मुरडून म्हणाल्या, "तुमच्यात काही नासलंय का?" मी म्हटलं, दोन पुरुषांचा तंबू आहे, फुलं थोडीच फुलणार! त्या हसल्या नाहीत.

मास्तर झोपेत कण्हत होता. मग माझ्या पायाशी काहीतरी चाळवाचाळव. मी पाय आखडून घेतले. मला वैताग आला होता.

म्होरकीला म्हटलं, पाहिले.

१० डिसेंबर

मास्तर पडला. सपाट बर्फावर, कशाला न अडखळता. स्लेज मागून येऊन त्याच्यावर आदळली. मी सर्वांत जवळ होतो. मी उभाच राहिलो, तो उठेल म्हणून. तो उठण्याऐवजी हसायला लागला. म्होरकी मागे पळत आली, त्याच्या तोंडाजवळ वाकली, मग त्याचा बूट दाबून पाहिला आणि तिचा चेहराच बदलला.

आमचाच तंबू उभा केला. बूट निघेना. तिने चाकूने कापला. मोजा कातडीसकट निघाला.

मी पाहिले. दोन्ही पायांची बोटं काळी होती, करपलेल्या वांग्यासारखी, आणि वर घोट्यापर्यंत सूज, फोड, पाणी. हे एका दिवसाचं नव्हतं. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. दंतवैद्य दारातून डोकावला आणि हळूच बायकोला म्हणाला, "आठवडा तरी झाला असेल." ती माझ्याकडे बघत राहिली.

विमानाला निरोप गेला. ध्रुव दोन-तीन दिवसांच्या चालीवर राहिला होता. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार तोच आला, की याच्या पायी आता ध्रुव गेला. नंतर हिचा चेहरा आठवला. बाहेर जाऊन त्याची उलटलेली स्लेज सरळ करत बसलो.

११ डिसेंबर

वादळ. विमान येऊ शकत नाही. तंबू फडफडतोय, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. म्होरकी आमच्या तंबूत येऊन राहिली आहे. मास्तर मधे, एका बाजूला ती, एका बाजूला मी. त्याला ताप आहे. पाय चोळायचे नाहीत, आगीजवळ न्यायचे नाहीत, नुसते सैल गुंडाळून ठेवायचे. करण्यासारखं काहीच नाही.

पाणी गरम झालं. मी म्होरकीला म्हटलं, "त्याला विचारा, पाणी घेणार का."

ती चमकली. "तुम्ही विचारा ना. तुमच्या मांडीला टेकून झोपलाय तो."

मी पेला पुसायला घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला हळूहळू उमगत गेलं ते मला दिसत होतं.

"तुम्ही बोलत नाही? एकमेकांशी? किती दिवस?"

"पाच वर्षं," मी म्हटलं.

तिने स्टोव्ह विझवला. मग म्हणाली, "मी तुम्हाला शांत माणसं समजत होते. दंतवैद्यांचे पाय मी स्वतः तपासले, कारण मला वाटायचं ते भांडणाच्या नादात विसरतील. तुमच्या शब्दावर मी राहिले. ही माझी चूक." आणि मास्तरच्या कानाशी वाकून ओरडली, "तू का नाही सांगितलंस? मी रोज दारात येत होते!"

मास्तरचे ओठ फुटलेत. तो तिलाच म्हणाला, "ते रोज सांगायचे ना, पाहिले म्हणून. तुझ्यासमोर मी त्यांना खोटं पाडू? माझ्या बहिणीचे यजमान आहेत ते." मग म्हणाला, "मला वाटायचं, उद्या बघतील."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि हा तुमचे पाय कसे बघायचा? बोलत नव्हतात, तर?"

"तो कुठे बघायचा? तोही थापाच..."

"रोज सकाळी मला सविस्तर सांगायचा. डाव्या टाचेला फोड आहे, पट्टी बदलली, आता खपली धरतेय. उजव्या करंगळीचं नख निळं आहे पण ऊब आहे. तुमचे मोजे तो स्वतःच्या बनियनच्या आत ठेवून झोपायचा. मी विचारलं होतं, तुझे कुठे वाळवतोस? म्हणाला, पोटावर एकाच माणसाच्या मोज्यांना जागा आहे."

मी मोजा काढून पट्टी पाहिली. ती नवी होती. काल-परवा लावलेली. म्हणजे रात्री काळ्या बोटांनिशी गुडघ्यावर सरकत येऊन त्याने ती लावली होती, आणि मी वैतागून पाय आखडून घेतले होते.

तेव्हा तरी बोलायचं. मी बोललो नाही. आता बोललो तर कशाच्या तोंडाने? पेला त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला. डोळे मिटलेले होते, कुणाचा हात ते त्याला कळलं की नाही, ठाऊक नाही.

१३ डिसेंबर

विमान आलं. त्याला उचलताना पायांकडची बाजू मी धरली. माझी पकड निसटायला लागली तशी वैमानिकाने मला बाजूला केलं.

१८ डिसेंबर

जिथून तळाकडे निघालो होतो, त्या बंदराच्या गावातलं इस्पितळ. खोली स्वच्छ, गरम. उकाड्याने जीव नको होतो. ही आज पोचली. मला वाटलं होतं रडेल, माझी गचांडी धरेल. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बसली. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "तुमचे पाय?"

"माझे ठीक आहेत."

"हो," ती म्हणाली, "तुमचे ठीक आहेत."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला याहून वाईट काही ऐकवलेलं नाही.

२४ डिसेंबर

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मास्तर हिला म्हणतो, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, खिडकी लावा." मी हिला म्हणतो, "तुझ्या भावाला विचार, उशी उंच हवी का." ती पोचवते, पण आवाजात जीव नाही. मी रोज ठरवतो, आज. मग खोलीत गेलो की तिच्याकडेच तोंड करून बोलतो. तिला सगळं सांगितलं मी, पट्टीचं, मोज्यांचं, माझ्या थापांचं. ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगताय?"

डॉक्टर म्हणाले, मेलेला आणि जिवंत भाग वेगळा व्हायला वेळ द्यायचा असतो, पण याच्या पायात विष भिनतंय. थांबता येणार नाही.

२ जानेवारी

कापले. दोन्ही पायांचा पुढचा अर्धा भाग. टाचा राहिल्या. डॉक्टरांनी चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं की टाचा राहिल्या म्हणजे काठी घेऊन चालता येईल, वर्गात बसून शिकवता येईल. ही खाली मान घालून "हो, हो" म्हणत राहिली. मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. काहीच समजलं नाही.

५ जानेवारी

दुपारी नर्स पट्ट्या बदलून गेली. मास्तर जागा होता. ओठ दाबून छताकडे बघत होता, गळ्याच्या शिरा ताठ. मी नेहमीप्रमाणे हिला म्हटलं, "तुझ्या भावाला विचार, दुखतंय का."

ही उठली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

"अहो, पाच वर्षं विचारतेय मी. मला वाटायचं, मी घर सांभाळतेय." तिचा आवाज फाटला. "मी मधे बसले नसते, तर तुम्ही दोघं कधीच बोलला असतात. आता मी बाहेर जाते. तुमचं तुम्ही विचारा, नाहीतर विचारू नका."

दार ओढून ती गेली. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज दूर जात थांबला.

खोलीत आम्ही दोघं. मधली खुर्ची रिकामी. तो छताकडे बघतोय, मी त्याच्या पायांवरच्या पांघरुणाकडे. त्या पांघरुणाचा उंचवटा जिथे संपायला हवा, त्याच्या बराच अलीकडे संपत होता. मी दोनदा तोंड उघडलं, हवा आली. तिसऱ्यांदा आवाज आला, पण तो माझा वाटेना.

"दुखतंय का?"

त्याने मान वळवली. मला वाटलं आता शिवी देईल, आणि देव साक्षी, मला ती हवी होती.

"बोटं दुखताहेत, भावोजी," तो म्हणाला. "नाहीत तिथेच दुखताहेत. जळताहेत नुसती. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, वेड लागलं म्हणतील."

"कुठली?"

"डावी. अंगठा आणि शेजारचं."

मी उठून पायथ्याशी गेलो. पांघरूण वर सरकवलं. पांढऱ्या पट्ट्या, टोकाला थोडं पिवळं पाझरलेलं, आणि पुढे गादी. माझे डोळे भरून आले. पुसले, कारण दिसत नव्हतं. अंगठा असता ती जागा मी हाताने दाखवली. "इथे?"

"जरा आत. हां, तिथे."

गादीवर त्या रिकाम्या जागेत मी हात ठेवला. तो घट्ट डोळे मिटून पडून होता. किती वेळ गेला ते पाहिलं नाही. कमी झालं का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला, पण राहू द्या म्हणाला. मग मी दुसरा पायही नीट पाहिला, सगळ्या बाजूंनी, आणि पांघरूण पुन्हा सारखं केलं.